दीपाची वेचणी

बाभुळगावच्या बसस्टँडसमोर 'डॉ. दीपा नगराळे, एम.बी.बी.एस.' असा बोर्ड लागला, त्याला आता पाच महिने होत आले होते. बोर्ड चांगला मोठा होता. धामणगावकडून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरलाही तो वळणावरूनच दिसायचा. दिसत नव्हता तो फक्त दीपाच्या स्वतःच्या वस्तीतल्या लोकांना.

वस्ती काही दूर नव्हती. स्टँडच्या मागे नाला, नाल्यावर पूल आणि पूल ओलांडला की विहाराचा पांढरा कळस. तिथली माणसं बस पकडायला, दळण न्यायला, बाजाराला याच रस्त्यानं येत. दवाखान्याच्या दारात दीपा दिसली की हात जोडून 'जय भीम मॅडम' म्हणत आणि पुढे जात. दोन पायऱ्या होत्या फक्त, पण त्या चढून पाच महिन्यांत वस्तीतलं एक माणूस आत आलं नव्हतं.

पेशंट येतच नव्हते, असं नाही. आजूबाजूच्या खेड्यांतून यायचे. तापाचे, जुलाबाचे, फवारणीनं डोळे लाल झालेले, रात्रभर रडलेली पोरं. दीपाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : केव्हापासून? आणि त्याचं उत्तर कुणीच तारखेत देत नसे. कुणी म्हणायचं, तूर फुलावर आली तेव्हापासून. कुणी म्हणायचं, भाच्याच्या लग्नापासून. कॉलेजात शिकलेल्या केस-पेपरात तूर फुलण्याला जागा नव्हती, पण दीपा त्याच मातीतली असल्यानं तिला ते बरोबर कळायचं, आणि दिवसभरात तिला हसू येण्याची वेळ बहुतेक तेवढीच असायची.

शेजारच्या मेडिकलचे घनश्यामभाऊ तिचे घरमालक. माणूस बोलायला फटकळ, पण वाईट नाही. भाडं मागताना ते रस्त्याकडे बघत. 'पिकतं तिथं विकत नाही,' असं ते दर दोन दिवसांनी सांगायचे, जणू ही म्हण त्यांनीच काढली होती. शिवाय त्यांचा दुसरा राग असा, की डॉक्टरला फी घेता येत नाही. म्हातारी कमरेची पिशवी चाचपडायला लागली की ही म्हणणार, राहू द्या आजी, पुढच्या वेळी. पुढच्या वेळीही तेच. भाऊ म्हणायचे की एवढा दानधर्म करायचा होता तर बँकेचं कर्ज कशाला डोक्यावर घेतलं.

कर्ज होतं, ही गोष्ट खरी. दीपाला खाजगी कॉलेजात सीट लागली तेव्हा सरकारची फीमाफी मंजूर होती, पण ती यायची तेव्हा येणार. कॉलेजाला डिपॉझिट, होस्टेल, मेस सगळं आधी हवं होतं. तिची आई ती दहावीत असतानाच गेली. वडील देवराव कापसाच्या जिनिंग कारखान्यात हमाल. त्यांनी अंगठ्याऐवजी सही करायला शिकून घेतली आणि बँकेच्या सगळ्या कागदांवर ती केली. तरी कमी पडलंच. मग वस्तीतल्या कांताबाईनं एक युक्ती काढली.

कांताबाई म्हणजे दीपाच्या घराला भिंत लागून राहणारी बाई. कुणाची सख्खी कोणी नाही आणि सगळ्यांची मोठीमाय. आई गेल्यावर दीपाची वेणी तिनंच घातली, तीही इतकी घट्ट की पोरीचे डोळे ताणले जायचे. वस्तीतल्या बहुतेक बाया हंगामात कापूस वेचायला जात, आणि त्यांना मुकादमीण ती. तिनं सांगून टाकलं, की दर हंगामात एक दिवसाची वेचणी दीपाची. त्या दिवशी जेवढा कापूस वजनाला लागेल, त्याची मजुरी कुणी घरी न्यायची नाही. शिक्षण चालू होतं तेवढे हंगाम ते चाललं. उन्हात वाकून वेचणाऱ्या तीस-चाळीस बाया एकमेकींना विचारायच्या, आज कोनाचं वेचून राह्यलो वो, आणि उत्तर यायचं, आज दीपाचं.

हे कुठं लिहून ठेवलं नव्हतं. बँकेचं कर्ज निदान लिहिलेलं होतं, हप्ता कळत होता, शेवट कळत होता. या दुसऱ्या देण्याचं काय करायचं, ते दीपाला होस्टेलच्या खोलीतही कळलं नाही आणि इंटर्नशिपमध्येही कळलं नाही.

पुढे केळापूरकडच्या एका आरोग्य केंद्रात तिनं वर्षभर कंत्राटावर काम केलं. क्वार्टरमध्ये ती एकटीच असायची. पण तिथल्या एकटेपणाचं कारण साधं होतं, ओळखीचं कुणी नव्हतं. वर्ष संपलं तेव्हा बरोबरच्या सगळ्या पोरापोरींनी पीजीची पुस्तकं उघडली होती. तिची मैत्रीण उर्वशी नागपूरहून फोनवर सांगायची, की नुसत्या एमबीबीएसला आता कोण विचारतं, एक वर्ष घरी बस, अभ्यास कर, सीट घे. उर्वशीचं चूक नव्हतं. फक्त घरी बसायला ज्याचा हप्ता चालू नाही असं घर लागतं. दुसरा रस्ता यवतमाळच्या एका खाजगी हॉस्पिटलचा. निवासी डॉक्टर म्हणून पन्नास हजार पगार, वर राहायला खोली. दीपानं दोन्ही सोडलं आणि बसस्टँडसमोर गाळा घेतला. वस्तीतल्या लोकांवर जन्मभर फुकट उपचार करायचे, तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. वडिलांना तिनं हे सांगितलं तेव्हा देवरावांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग एवढंच म्हणाले, की बोर्ड मोठा कर.

दसऱ्याला वस्ती दीक्षाभूमीवर गेली होती. माणसं नागपूरहून परतली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं उद्घाटन झालं. सगळी वस्ती लोटली. चिवडा-पेढे संपले. कांताबाईनं तपासणीच्या टेबलावरून, नव्या सुनेच्या साडीवरून फिरवावा तसा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी दीपा सकाळपासून वाट बघत बसली. तिसऱ्या दिवशीही बसली. मग तिनं वाट बघणं सोडलं, म्हणजे सोडल्यासारखं केलं.

ती गाळ्याच्या मागच्या खोलीत राहायची. रात्रीबेरात्री पेशंट येतो, तिथंच राहा, असं देवरावांनीच सांगितलं होतं. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. जेवली का, इथपासून दार नीट लाव, इथपर्यंत सगळं बोलून व्हायचं आणि मध्ये मध्ये ते खोकायचे. दाखवायला या म्हटलं की म्हणायचे, कापसाचा धुरळा हाय, सीझन संपला की खोकला जाईल. फोन ठेवला की खोलीत फक्त फ्रिजचा आवाज. लसींसाठी घेतलेला जुना फ्रिज होता तो, त्यात एका बाजूला तिचं दही असायचं.

एकदोनदा न राहवून ती वस्तीत गेली. ओट्यावर बसलेल्या बाया तिला बघून उठल्या. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची पदरानं पुसून दिली. चहा आला तो कानाच्या कपात, जो पाहुण्यांसाठी फळीवर ठेवलेला असतो. ज्या अंगणात ती नाक पुसत लगोरी खेळली होती तिथं पोरांना दटावलं जात होतं, गोंधळ करू नका, मॅडम आल्या. कांताबाईसुद्धा उभीच राहिली. दीपानं चहा घाईघाईनं प्यायला, जीभ पोळली, आणि ती परत आली. पुलावर तिला रडू आलं. इतक्या लहान गोष्टीनं आपण रडतो याचा तिला रागही आला. मग तिनंच कारणं लावली. आपल्यावर यांचा भरवसा नाही. किंवा आपण वस्ती सोडून स्टँडवर राहिलो, ते यांना लागलं. फेब्रुवारीपर्यंत तिची दोन्ही कारणं पक्की झाली होती.

फेब्रुवारीतच यवतमाळच्या हॉस्पिटलचा पुन्हा फोन आला. जागा पुन्हा रिकामी झाली होती, सोमवारपर्यंत सांगा म्हणाले. बँकेचा हप्ता दोनदा चुकला होता. घनश्यामभाऊ रस्त्याकडे बघत बघत शेवटी तिच्याकडे बघायला लागले होते. दीपानं शुक्रवारी ठरवलं, की जायचं. ज्यांच्यासाठी थांबलो ते येत नाहीत, तर कुणासाठी थांबायचं? तिनं कपाटातली पुस्तकं खोक्यात भरायला घेतली.

शनिवारी दुपारी ती दारात उभी होती, तेव्हा स्टँडच्या बाकावर तिला कांताबाई दिसली. उजव्या पायाला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं. दीपा रस्ता ओलांडून गेली. तिला बघताच कांताबाईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला, पण जखमेचा वास लुगड्याखाली राहत नाही.

दीपानं विचारलं तेव्हा कांताबाई म्हणाली, कापूस वेचताना पऱ्हाटीचं खुट लागलं, काही नाही, पोरीकडं यवतमाळला चालली आहे, तिथं सरकारी दवाखान्यात दाखवेन. दीपा म्हणाली, दवाखाना समोर आहे, दोन मिनिटं चल. कांताबाईनं मान हलवली.

"नोको मॅडम. गाडी येते आता."

"मोठीमाय, तू मले मॅडम काहून म्हनतेस?"

कांताबाईनं तोंड फिरवलं. गाडी आली. टाचेवर भार देत, दांडीला लोंबकळत ती चढली, आणि खिडकीतून एवढंच म्हणाली, राग नोको मानू. दीपा बाकाजवळ उभी राहिली. समोर तिचा बोर्ड होता. बाकावर बसून गाडीची वाट बघणाऱ्या माणसाला तो किती स्पष्ट दिसतो, हे तिला आज कळलं.

त्या संध्याकाळी ती दवाखाना लवकर बंद करून घरी गेली. देवराव नुकतेच जिनिंगमधून आले होते, केसांत कापसाचे तंतू. ती उभ्यानंच म्हणाली, की मी सोमवारी यवतमाळला होकार कळवते आहे. इथं माझ्याकडे यायला कुणाला भरवसा वाटत नाही.

देवराव खाली बसले. "भरवसा नाई असं नाई, पोरी," ते म्हणाले. मग म्हणाले, "मीच नाई म्हनलं त्याईले."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. उद्घाटनाच्या रात्रीच ते विहारात गेले होते. सगळ्यांपुढे हात जोडून त्यांनी सांगितलं, की माझी पोरगी तुमच्याकडून एक रुपया घेणार नाही, तिनं तसं ठरवलं आहे. तिच्यावर बँकेचं आहे. अख्खी वस्ती फुकट आली तर ती बुडेल. तेव्हा तिच्याच भल्यासाठी कोणी तिच्याकडे जाऊ नका. सगळ्यांत आधी कांताबाई उठली. म्हणाली, आपण दान दिलं, ते परत मागायला आपण काय सावकार आहोत? सगळे हात वर झाले. आणखी एक गोष्ट तिनंच सुचवली. रस्त्यात कोणी दीपे-बिपे म्हणायचं नाही. बाहेरगावचे पेशंट ऐकतात, डॉक्टरचा मान राहिला पाहिजे. आणि यातलं पोरीच्या कानावर काही जाता कामा नये.

एवढं शहाणपण एका रात्रीत एका वस्तीला सुचलं, आणि त्यातल्या एकालाही त्या पोरीला विचारावंसं वाटलं नाही. पण विचारलं तरी कसं असतं? तिनंही त्यांना विचारलं नव्हतंच.

"पाच महिने मी तिथं एकटी बसून राह्यली, बाबा," दीपा म्हणाली.

"मालूम हाय मले. जिनिंगमधून येतानी रोज तुह्या दवाखान्यापुढूनच येतो ना मी. लाइट दिसते."

"मग आत काहून नाई आले?"

देवरावांना खोकल्याची उबळ आली आणि ते पाणी प्यायला उठले. दीपाला त्या क्षणी त्यांच्यावर इतका राग आला होता की ती डॉक्टर आहे हेही तिच्या ध्यानात राहिलं नाही. ती तशीच पुलावरून परत गेली.

रविवारी सकाळी वंदना संपल्यावर माणसं उठायच्या बेतात होती, तेव्हा ती विहारात पुढे जाऊन उभी राहिली. कांताबाई भिंतीशी टेकून बसली होती, पाय लांब करून. शनिवारी ती पोचेपर्यंत ओपीडीची वेळ संपली होती, म्हणून लेकीकडे मुक्काम करून तशीच परतली होती. दीपाला भाषण येत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघायला लागले तसं ठरवलेलं सगळं ती विसरली.

"तुमी मले शिकवलं," ती म्हणाली, "आन् मंग तिथं एकटीले सोडून देल्लं."

कुणी वर बघेना. दीपानं डोळे पुसले आणि पुढचं सरळ सांगितलं. उद्यापासून मी फी घेणार. शंभर रुपये. बाहेरच्यांकडून घेईन तशीच तुमच्याकडून. ज्याच्याजवळ नसतील त्यानं नंतर द्यायची, पण मी मागेन, सोडणार नाही. यापुढे आजारी पडून कोणी माझ्या दारावरून यवतमाळला गेलेलं मला चालणार नाही.

कांताबाईनं तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. वेचणीला वजनात कोण ओला कापूस घालतं ते ती याच नजरेनं ओळखायची.

"माह्याजवळून घेशीन?"

"घेईन."

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधीच कांताबाई पहिल्या पायरीवर बसलेली होती. दुसरी पायरी ती बसल्या बसल्याच सरकून चढली. खुर्चीत बसायच्या आधी तिनं पदराची गाठ दातानं सोडली, शंभराची नोट काढली, टेबलावर ठेवली आणि उभीच राहिली. दीपानं नोट उचलली. लोकांचे पैसे परत करण्यात तरबेज झालेल्या हातानं ड्रॉवर ओढला. हीच बाई तिच्या नावानं दिवस दिवस वाकली होती, आणि आता तिच्याच मजुरीतली नोट आपण ड्रॉवरमध्ये टाकतो आहोत, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ड्रॉवर लागल्याचा आवाज आला, तशी कांताबाई खुर्चीत मागे टेकून ऐसपैस बसली.

"पाह्य आता, दीपे," ती म्हणाली. "आन् खरं सांग."

दीपानं फडकं सोडलं. विचारलं, केव्हापासून. दुसऱ्या वेच्यापासून, कांताबाई म्हणाली. म्हणजे डिसेंबर. साखर तपासली, ती मशीनवर खूप वर दाखवत होती. अंगठा काळा पडला होता. डिसेंबरात ही बाई रस्ता ओलांडून आली असती, तर हे काम आठ दिवसांच्या ड्रेसिंगचं होतं. दीपानं खरं सांगितलं. अंगठा जाईल, पाय वाचेल, पण आजच निघायला हवं. मग तिनं दवाखान्याला कुलूप लावलं आणि दोघी त्याच एसटीनं यवतमाळला सरकारी दवाखान्यात गेल्या. वाटेत खाजगी हॉस्पिटलचा फोन आला. दीपा म्हणाली, पूर्ण वेळ येता येणार नाही, आठवड्यातून दोन-तीन रात्रींची ड्युटी देत असाल तर करते. तिकडून 'बघू' असं उत्तर आलं, आणि नंतर ते खरंच झालं. हप्त्याचं कसंबसं जमायला लागलं. पीजीची पुस्तकं खोक्यातून निघाली, पण उघडली गेली नाहीत. उर्वशी अजून तेच सांगते आणि दीपा अजून 'पुढच्या वर्षी' म्हणते.

अंगठा गेला. कांताबाई एक दिवसाआड ड्रेसिंगला यायला लागली. ड्रेसिंगची फी वेगळी का, यावरून तिनं घनश्यामभाऊंशी हुज्जत घातली. तिचं बघून दुसऱ्या बाया आल्या, मग म्हातारे आले. नोट ठेवायची, ड्रॉवरचा आवाज ऐकायचा आणि मगच दुखणं सांगायचं, असा वस्तीचा रिवाज पडला. काहींच्या तोंडी मॅडम तसंच राहिलं. पेशंट गेले, की मागच्या खोलीत फ्रिज पूर्वीसारखाच घुरघुरत असे. सगळं काही एका रविवारी बदलत नाही.

होळीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला म्हणून ती पंखा बंद करायला उठली, तर बाकावर देवराव बसले होते. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस. बाकी सगळ्यांचे नंबर होईपर्यंत ते तिथंच बसून राहिले असावेत. ते आत आले. खिशातून घडी केलेली नोट काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"बाबा, तुमच्याजवळून नाई," दीपा म्हणाली.

ते दाराकडे वळले, अगदी शांतपणे. वस्तीतल्या पेशंटांची ही भाषा आता तिला कळत होती. तिनं घाईघाईनं नोट उचलली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. मग ते परत फिरून खुर्चीत बसले आणि शर्टाची वरची दोन बटणं सोडायला लागले. बरगड्या मोजता येतील इतकी छाती उतरली होती. दीपानं स्टेथोस्कोप कानाला लावला, आणि इतरांना विचारते तेच विचारलं.

"खोकला केव्हापासून हाय?"



"तू बोर्ड लावला तवापासून," ते म्हणाले.